चित्रातल्या घरावर पाऊस पडत नाही

सुकेळी खिंड उतरून खांबकडे येताना महामार्गाच्या दोन्ही बाजूंना फलक लागतात. बिनशेती भूखंड, बंगल्यांच्या योजना, 'निसर्गाच्या कुशीत' वसणारी वसाहत. फलकावर जे घर दिसते ते कुठेही उभे नसते, संगणकावर तयार केलेले असते. वर्तमानपत्रे त्याला संकल्पचित्र म्हणतात. आमच्याकडे त्याचे नाव थ्रीडी. 'थ्रीडी काढून घेतली का?' हा प्रश्न आता पाया खणण्याच्या आधी येतो. घर, दुकानाचा गाळा, समाजमंदिर, देऊळ, ग्रामपंचायतीची इमारत, काहीही असो, आधी थ्रीडी.

गेली काही वर्षे मी या चित्रांचे फोटो घेऊन ठेवतो. मी वास्तुविशारद नाही. जुन्या घरांची मोजमापे घेत, गवंड्या-सुतारांना विचारत जे शिकलो त्याच्या जोरावर लिहितो. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. मग ज्या चित्रावर विश्वास ठेवून माणसे शेत विकतात, आयुष्याची कमाई देतात, जुने देऊळ पाडतात, त्याचे परीक्षण का होऊ नये? हा लेख म्हणजे तसा एक प्रयत्न आहे.

सुरुवात उन्हापासून करतो. फलकावरच्या बंगल्याचा दर्शनी भाग बहुधा लख्ख उन्हात न्हालेला असतो. पण प्लॅनवरची उत्तर दाखवणारी खूण शोधून पाहिली, तर कितीदा तरी तो दर्शनी भाग उत्तरेकडे असल्याचे आढळते. आपण साधारण साडेअठरा अक्षांशावर राहतो. दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो तो मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, आणि त्यातला बराचसा काळ तो ढगांच्या मागे असतो. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत उत्तरेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही. चित्रातले ऊन मग कुठले? ते संगणकावर बसलेल्या मुलाने छान दिसते म्हणून ठेवलेले असते. बारीक चूक वाटेल, पण बाई त्या चित्राकडे पाहून वाळवण कुठे घालायचे ते ठरवते.

दुसरी गोष्ट डोळ्याची. माणूस रस्त्यावर उभा राहून जे पाहतो ते या चित्रांत क्वचितच असते. पाहणारा वीस-पंचवीस फुटांवर तरंगत असतो किंवा समोरच्या घराच्या भिंतीतून आरपार पाहत असतो. भिंग इतके रुंद ठेवलेले की दोन इमारतींमधले दहा फुटांचे सामासिक अंतर हमरस्त्यासारखे दिसावे. समोर शेजाऱ्याचा गोठा असेल तर तिथे हिरवळ येते. विजेचा खांब, डीपी, उघडे गटार, पाण्याची काळी टाकी, दोरीवरचे कपडे काहीच नसते. माणसे असतात, पण ती आपली नव्हेत. खरेदीच्या पिशव्या घेतलेली गोरी बाई रोह्याच्या फलकावर दिसते तीच पेणच्या फलकावरही दिसते. ती संगणकातल्या तयार साठ्यातून येते, नारळाऐवजी उभी केलेली शोभेची ताडे येतात तशीच.

आणि पाऊस. पेण-रोह्याच्या पट्ट्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. मी पाहिलेल्या एकाही चित्रात तो पडत नव्हता. आमच्या जुन्या घरांचा सगळा घाट या पावसाने ठरवलेला होता: उतरती कौले, खाली ओढलेल्या पागोळ्या, ओटीपुढची पडवी, पश्चिमेच्या भिंतीला आषाढात बांधायची झापे. सरळ पडणाऱ्या पावसाला छप्पर पुरते, वाऱ्याबरोबर आडव्या येणाऱ्या झडीला पुरत नाही. थ्रीडीतल्या घराला सपाट गच्ची असते, कोपऱ्यापर्यंत काच असते, छज्जा असला तर हातभर. घर बांधून होते, तीन-चार पावसाळे जातात, गच्ची पाझरू लागते आणि मग वर निळ्या किंवा लाल पत्र्याची शेड चढते. आज नागोठण्यापासून कोलाडपर्यंत स्लॅबच्या घरांवर नजर टाकली तर शेड नसलेले घर शोधावे लागते. म्हणजे आपल्या भागातल्या घराचा सर्वांत ठळक, लांबून दिसणारा भाग पत्र्याची शेड हाच आहे, आणि कोणत्याही चित्रात तो नसतो. शेडचा खर्च अंदाजपत्रकातही नसतो. चित्रात नाही ते अंदाजपत्रकात कुठून येणार?

एवढे वाचून वाटेल की मी या चित्रांच्या विरोधात आहे. तसे नाही, आणि त्याचे कारण आमच्या घरातच घडले.

चुलतभावाच्या मुलाने घर बांधायला काढले तेव्हा इंजिनिअरने ओटीवर प्लॅन पसरला. आम्ही पुरुष मंडळी शहाण्यासारखी माना डोलावत होतो. खरे सांगायचे तर त्या रेघांतून आम्हा निम्म्यांना काही कळत नव्हते. काकू दारात उभी होती. तिला कोणी विचारले नाही, तीही बोलली नाही. आठवड्याने त्याच घराची थ्रीडी मोबाइलवर आली. काकूने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "मागल्या दारासमोर जिना आणलास. मग पावसात लाकडं कुठं ठेवायची?" आणि पाठोपाठ, "न्हाणीचं पाणी कुठं जातं यात?" इंजिनिअरला उत्तर देता येईना. जिना हलला. सांडपाण्याची वाट बदलली. प्लॅनमध्ये दोन्ही गोष्टी होत्याच, फक्त तिला वाचता येतील अशा नव्हत्या.

ज्याला प्लॅन वाचता येत नाही त्याला चित्र बोलायला लावते. माझ्या मते संकल्पचित्राची किंमत या ठिकाणी आहे. गवंड्याला, इंजिनिअरला, मंजुरी देणाऱ्या कचेरीला त्याची फारशी गरज नसते. त्यांचे काम मोजमापाच्या रेखाटनांवर चालते. गरज असते ती त्या वास्तूत राहणाऱ्याला. म्हणून चित्र जोखायचे तर, ते पाहून राहणाऱ्याला किती प्रश्न सुचले एवढेच विचारावे. काकूला दोन सुचले, कारण ते चित्र कच्चे होते: रंग न भरलेले, मागचे दार दाखवणारे. नंतर इंजिनिअरने आकाश, गाडी आणि हिरवळ घालून पक्के चित्र पाठवले. ते सगळ्यांना आवडले आणि त्यावर कोणी काही विचारले नाही.

कच्चे की पक्के हा वाद फार जुना आहे. इटलीतला लिओन बत्तिस्ता आल्बेर्ती याने पंधराव्या शतकात वास्तुकलेवर ग्रंथ लिहिला. तो छापून आला १४८५ मध्ये. त्याचे म्हणणे असे की, छायाप्रकाशाने उठाव दाखवणे हे चित्रकाराचे काम, वास्तुकाराने प्लॅन आणि मोजमापांवर भर द्यावा. रंगवून नटवलेल्या लाकडी प्रतिकृतींवर तर त्याचा रोखच होता. त्या पाहणाऱ्याला भुलवतात, परीक्षण करू देत नाहीत. पण आल्बेर्ती ज्यांच्यासाठी लिहीत होता त्यांना प्लॅन वाचता येत होता. काकूचे काय, हे तो सांगत नाही.

त्याहून मला हम्फ्री रेप्टन जवळचा वाटतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा इंग्रज बागा आणि उद्याने आखून देत असे. आपले प्रस्ताव तो लाल चामड्याच्या बांधणीच्या वह्यांत मांडायचा. चित्रावर कागदाची झडप असायची. झडप खाली असताना आज जे आहे ते दिसायचे, उचलली की तो जे करणार ते. जागा तीच, उभे राहण्याचे ठिकाण तेच. रेप्टन धंदेवाईक होता आणि 'आज'चे चित्र मुद्दाम उदास काढतो असे त्याच्याबद्दल म्हटले गेले. तरी पाहणाऱ्याला तुलना करता येत होती. आपल्या फलकांवर झडप नसते. जे आज आहे ते पुसूनच चित्र सुरू होते.

आपल्याकडचे सर्वांत नावाजलेले संकल्पचित्र म्हणजे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे. अ‍ॅक्सेल हेग या मूळच्या स्वीडिश, पण इंग्लंडात काम करणाऱ्या चित्रकाराने ते १८७८ मध्ये जलरंगात काढले. त्याच वर्षी बांधकाम सुरू झाले आणि पुरे व्हायला दहा वर्षे लागली. चित्र देखणे आहे, त्यात इमारत मोठी दिसेल असाच कोन निवडला आहे, म्हणजे हेगनेही विक्रीचेच काम केले. पण आज बोरीबंदरला समोर उभे राहिले की इमारत चित्राला ओळख देते. याचे कारण चित्रामागे मोजमापाच्या रेखाटनांची थप्पी होती, कोरीव कामाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी होते, आणि दगड तासणारा कारागीर ते काढू शकेल असेच चित्रात होते. आपल्या फलकांमागे बरेचदा फक्त फलक असतो. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरांचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले. खांब त्याच टप्प्यावर येते. पुढे वर्षानुवर्षे आम्ही खड्ड्यांतून जाताना बाजूच्या फलकांवर गुळगुळीत रस्ता असलेल्या वसाहती पाहत होतो. चित्रातला रस्ता तयार होता.

आता देवळाविषयी. या लेखाला ते आणल्याशिवाय अर्थ नाही, आणि ते मला सुखाचेही नाही.

आमच्या भागातल्या एका गावाचे हे देऊळ. गावाचे नाव लिहीत नाही. अशी गावे पुष्कळ आहेत. देऊळ ठेंगणे होते. दगडी गाभारा, पुढे सभामंडप, मंडपाला तळखड्यांवर उभे केलेले सागवानी खांब, वर तुळया आणि मंगलोरी कौले. पागोळ्या इतक्या खाली की आत शिरताना वाकावे लागे. नमस्कार आपोआप घडे, असे म्हातारे म्हणत. वाशांना कीड लागली होती, दोन तुळया बदलायला हव्या होत्या. बैठक बसली. मुंबईकर मंडळींनी येताना एक चित्र आणले होते: गुलाबी दगडाचा भास देणारे उंच शिखर, गोल खांबांचा चारी बाजूंनी उघडा मंडप, चकचकीत फरशी, पुढे कमान, मागे मावळतीचे आकाश. वर ठळक अक्षरांत 'नियोजित मंदिर'.

त्या चित्राने जे केले ते दुसऱ्या कशानेही झाले नसते. ते व्हॉट्सअ‍ॅपवरून डोंबिवली, विरार, सुरतेपर्यंत गेले. वर्गणीच्या पावतीवर छापले गेले. वीस वर्षे गावाकडे न फिरकलेल्या माणसांनी पैसे पाठवले. कीड लागलेल्या तुळईच्या फोटोला कोणी वर्गणी देत नाही, हे मी मान्य करतो. गाव एकत्र आले ते चित्रामुळे.

पण बैठकीत एकानेही विचारले नाही की झड कुठून येते. पालखी कमानीतून कशी वळेल, श्रावणातल्या सप्ताहाला माणसे कुठल्या बाजूला बसतील, कोणी विचारले नाही. एक म्हातारा म्हणाला, "आहे ते दुरुस्त करून बघा ना," तेव्हा सगळ्यांनी भिंतीवर लावलेल्या चित्राकडे पाहिले आणि त्याचे बोलणे तिथेच संपले. दुरुस्त केलेल्या जुन्या देवळाचे चित्र कोणी काढलेले नव्हते. रंगीत चित्राशी तोंडी शब्दाची स्पर्धा होऊ शकत नाही. मंजुरीला हात वर करायला सांगितले तेव्हा मीही हात वर केला. त्याच देवळाच्या खांबांची मापे माझ्या वहीत होती. मला चित्र आवडले होते.

खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेले. नवे देऊळ उभे राहिले, चित्राशी बरेचसे जुळणारे. या बाबतीत फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. पहिल्याच आषाढात झड मंडपाच्या मध्यापर्यंत आली. फरशीवर दोघे घसरले, तेव्हापासून पावसाळ्यात पोती अंथरतात. कमानीत पालखी तिरकी करावी लागते. तिसऱ्या वर्षी मंडपाच्या पश्चिमेला आणि पुढे लोखंडी खांबांवर पत्र्याची शेड आली, आणि ज्या शिखरासाठी एवढे केले ते रस्त्यावरून दिसेनासे झाले.

चित्र खोटे होते का? नव्हते. ते जसे होते तसे बांधले गेले, आणि तरीही घात झाला. म्हणून मला केवळ 'फसवी जाहिरात' या अंगाने होणारी चर्चा अपुरी वाटते. त्या अंगाने कायदा बऱ्यापैकी पुढे आलेला आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या १२ व्या कलमानुसार जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या आणि नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते, व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते. १४ व्या कलमाने विकासकाला मंजूर आराखड्याप्रमाणेच बांधणे भाग आहे. ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला. तो मोबाइलने वाचला की प्रकल्पाची नोंद आणि कागदपत्रे दिसतात. फलकापुढे उभे राहून हे एकदा जरूर करून पाहावे. पण जमीन पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या कितीतरी इमारती इतक्याच असतात. शिवाय 'कलाकाराने काढलेले कल्पनाचित्र' अशी मुंगीएवढी ओळ खाली असते. घर, फर्निचर, झाडे मिळतील असे वर मोठ्या रंगात सांगायचे आणि खाली बारीक अक्षरांत ते सारे मागे घ्यायचे, ही रीत मला लबाडीची वाटते. आणि देवळाला, शाळेला, स्वतःच्या घराला तर हा कायदा लागूच नाही. तिथे आपणच आपले चित्र काढून घेतो आणि आपणच भुलतो.

वेगळे चित्र कसे असू शकते, याचे एक उदाहरण आपल्या शेजारी, बेलापूरला आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात तिथे साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांसाठी जी वसाहत आखली, तिची रेखाटने पाहण्यासारखी आहेत. त्यांत भर दर्शनी भागावर नाही, अंगणांवर आहे. सात घरांमध्ये आठ मीटर चौरसाचे एक अंगण, असे तीन गट मिळून पुढचे मोठे अंगण. प्रत्येक घर स्वतंत्र जागेवर, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे गरज पडेल तसे ज्याने त्याने गवंडी बोलावून वाढवावे. आज तिथली बरीच मूळ घरे राहिलेली नाहीत. पाडून दोन-तीन मजली बांधली गेली. काही अभ्यासकांना यात अपयश दिसते. मला दिसते ते असे की घरे बदलली तरी अंगणे बरीचशी जागेवर आहेत. ज्याचे चित्र काढले ते टिकले.

इंग्लंडात जॉन सोन या वास्तुकाराने याहून पुढची गोष्ट केली. त्याने बांधलेल्या बँक ऑफ इंग्लंडचे चित्र जोसेफ गँडीने काढले आणि ते १८३० मध्ये प्रदर्शनात मांडले गेले. त्यात ती अवाढव्य इमारत छप्पर उडाल्यासारखी, भग्नावशेषासारखी दिसते. आतली प्रत्येक भिंत उघडी. सोनच्या मनात रोमच्या अवशेषांची भव्यता असावी, आपल्या पत्र्याच्या शेडीशी त्याचा संबंध नाही. पण आपल्याच इमारतीवर काळाचा परिणाम काय होईल हे कागदावर आणायची त्याची तयारी होती. आपल्या इंजिनिअरला एवढे मोठे काही करायला नको. दहाव्या पावसाळ्यानंतरचे घर दाखव म्हणावे: भिंतीवरचे शेवाळ कुठवर चढेल, गच्चीवर काय चढेल.

हे अवघड राहिलेले नाही. स्केचअप, लुमियनसारख्या प्रणालींत तारीख, वेळ आणि ठिकाण घातले की ऊन बरोबर त्या जागी पडते; ढग आणि पाऊसही घालता येतो. पाहणाऱ्याचा डोळा पाच फुटांवर आणणे हे तर एका आकड्याचे काम. शेजारचा गोठा, समोरचा विजेचा खांब फोटोवरून बसवता येतो. आता तर मोबाइलवर चार शब्द टाकले की यंत्र स्वतःच देऊळ काढून देते. त्याच्यामागे प्लॅनही नसतो, इंजिनिअरही नसतो. अशी चित्रे गावच्या बैठकीत येऊ लागली आहेत. मी हल्ली कोणी विचारले तर एवढेच सांगतो की पैसे देण्यापूर्वी तीन चित्रे मागा: एक मागच्या दाराचे, एक आषाढातले, आणि एक आहे तेच दुरुस्त करून कसे दिसेल त्याचे. पहिली दोन इंजिनिअर कुरकुरत देतो. तिसरे मला आजवर एकानेही काढून दिलेले नाही, कारण त्यात काम नाही आणि कामाची टक्केवारीही नाही.

म्हणून त्या जुन्या देवळाचे तिसरे चित्र मी माझ्या वहीतल्या मापांवरून स्वतःच काढले, पेन्सिलीने, देऊळ पाडल्यानंतर चार वर्षांनी. दोन तुळया नव्या, वासे नवे, बाकी तेच. माझा हात चित्रकाराचा नाही. बैठकीत बोललेल्या त्या म्हाताऱ्याला दाखवायला घेऊन गेलो. त्याने बराच वेळ कागद पाहिला आणि विचारले, "दीपमाळ उजवीकडं होती ना?" मी ती डावीकडे काढली होती. त्याच्या अंगणात पावसासाठी रचलेल्या लाकडांवर 'नियोजित मंदिरा'चा जुना फ्लेक्स झाकण म्हणून टाकलेला होता, वर चार दगड ठेवून.